जास्तीत जास्त लाईन बदलत मेट्रोचा प्रवास: दिल्लीचा बेत ठरतोय, डोकी लावा

रंकाळ्याचा_वारा

मंडळी, सुट्टीत सहकुटुंब दिल्लीला निघालोय. निजामुद्दीन एक्स्प्रेसचं आरक्षण झालंय, राहायची सोय झालीय, प्रश्न वेगळाच आहे. बहिणीचा मुलगा बरोबर आहे, आठवीतला. त्याला लाल किल्ला नको, कुतुबमिनार नको. त्याची एकच अट: "मामा, मेट्रोत एकदा शिरायचं आणि जास्तीत जास्त वेळा लाईन बदलून मगच बाहेर पडायचं."

भवानी मंडपाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यानं दिल्ली मेट्रोचा नकाशा मोठ्या कागदावर रंगीत काढून आणलाय. तो जमिनीवर पसरून पालथा पडलेला असतो. ज्या स्थानकावर लाईन बदलली तिथं एक शेंगदाणा ठेवायचा. पुढच्या चालीत वाट परत त्याच दाण्यावर आली की डाव मोडला, दाणा तोंडात, पुन्हा पहिल्यापासून. अर्धी वाटी दाणे संपलेत, उत्तर काही निघालेलं नाही.

इथं रेल्वेवेडे, गणितवाले, दिल्ली-मुंबई-लंडनला गेलेले कोल्हापूरकर सगळे आहेत. अशी वाट पद्धतशीर शोधायची कशी? नकाशावर नुसतं बोट फिरवून होणार नाही एवढं कळलंय.

तांबडा_पांढरा

लोक लाईन बदलायला लागू नये म्हणून नकाशा बघतात, आणि तुमचा भाचा बदलायला मिळावी म्हणून. नाद खुळा!

आपल्याकडं कशाला नाहीत असल्या सोयी? शिवाजी पुतळ्यापाशी केएमटीची बस बदल, तिथनं बावड्याची धर, परत फीर. दोन बदल झाले, वडा खाऊन घरी. भुयारी म्हणाल तर पावसाळ्यात पंचगंगा बघा आधी, मग खणायचं बोला.

मिरज_जंक्शन

रेल्वेत आयुष्य गेलं, म्हणून दोन शब्द. कोल्हापूर हे टोकाचं स्थानक. १८९१ साली संस्थाननं मिरजेपर्यंत लाईन टाकली, तेव्हापासून आपल्याला कुठंही जायचं तर पहिली गाठ मिरजेशी. आणि मिरज एके काळी अशी जागा होती की मीटर गेज, ब्रॉडगेज आणि कुर्डुवाडीकडची नॅरोगेज, तिन्ही तिथं. बदल म्हणजे बदल होता. ट्रंक, वळकटी, पाण्याचा तांब्या, लेकरं, सगळं एका फलाटावरून दुसऱ्यावर. १९७१ ला कोल्हापूर ब्रॉडगेजवर आलं आणि ती उठाठेव कमी झाली.

सांगायचा मुद्दा असा की, आधी नियम ठरवा. बदल कशाला म्हणायचं? माझं मत सरळ आहे. गाडीतून उतरलात, दुसऱ्या लाईनच्या गाडीत चढलात, तर बदल. बसल्या जागी डब्यावरची पाटी बदलली तर तो बदल नव्हे.

गणिती_मावशी

काकांशी सहमत. नियम न ठरवता "जास्तीत जास्त" म्हटलं तर उत्तर अनंत येतं. कश्मीरी गेटला रेड, यलो, व्हायोलेट अशा तीन लाईन भेटतात. एक स्थानक पुढं जा, मागं या, दुसरी लाईन धरा, पुढं जा, मागं या. मेट्रो बंद होईपर्यंत बदल मोजत बसा.

म्हणून दोन वेगळे खेळ मांडते.

पहिला: एक लाईन एकदाच. सोडलेल्या लाईनवर परत पाय ठेवायचा नाही. यात जास्तीत जास्त बदल म्हणजे एकूण लाईन वजा एक. सगळ्या लाईन एका वाटेत ओवता आल्या तर खेळ जिंकला.

दुसरा: एक स्थानक एकदाच. लाईन पुन्हा चालेल, पण ज्या स्थानकावरून एकदा गेलो, मग उतरलो असू वा नसू, तिथून पुन्हा जायचं नाही. भाच्याचा शेंगदाण्याचा खेळ याच्या जवळचा आहे, फक्त तो बदलाच्या स्थानकांवरच दाणे ठेवतो. मधल्या सगळ्या स्थानकांवर ठेव म्हणावं. दाणे जास्त लागतील.

दुसरा खेळ फार अवघड आहे. नकाशात सर्वांत लांब, न पुनरावृत्तीची वाट शोधणं हा प्रश्न संगणकालाही मोठ्या जाळ्यावर घाम फोडतो, झटपट सोडवायची सर्वसाधारण रीत कुणालाच माहीत नाही. ऑयलरनं १७३६ मध्ये कोनिग्सबर्गच्या सात पुलांचा प्रश्न निकालात काढला, तो यामानानं सोपा. तिथं पूल एकदाच ओलांडायचा होता, चौकात कितीदाही आलात तरी चालत होतं.

टेम्सकाठी

मूळचा गडहिंग्लजचा, सध्या लंडनला. हा धागा माझ्यासाठीच निघालाय असं वाटतंय.

लंडनची ट्यूब १० जानेवारी १८६३ ला सुरू झाली, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन. आज ११ लाईन आणि २७२ स्थानकं आहेत. मावशींच्या पहिल्या नियमानं जास्तीत जास्त १० बदल होऊ शकतात. होतात का? होतात. घ्या:

ब्रिक्स्टनहून व्हिक्टोरिया लाईन. स्टॉकवेलला नॉर्दर्न (बँककडं जाणारीच धरायची, दुसरा फाटा थेट वॉटर्लूला नेतो). बँकला वॉटर्लू अँड सिटी. वॉटर्लूला बेकरलू. पिकॅडिली सर्कसला पिकॅडिली. होबर्नला सेंट्रल, पश्चिमेकडं. बाँड स्ट्रीटला ज्युबिली. बेकर स्ट्रीटला मेट्रोपॉलिटन. किंग्ज क्रॉसला सर्कल. फॅरिंग्डनला हॅमरस्मिथ अँड सिटी. ऑल्डगेट ईस्टला डिस्ट्रिक्ट, आणि मग अपमिन्स्टरकडं कुठंही उतरा.

अकरा लाईन, दहा बदल, आणि एकही स्थानक दुसऱ्यांदा येत नाही. म्हणजे मावशींचे दोन्ही नियम एकदम पाळले. फक्त शनिवारी-रविवारी जाऊ नका. वॉटर्लू अँड सिटीला दोनच स्थानकं आहेत, ती ऑफिसवाल्यांची लाईन, शनिवारी-रविवारी धावत नाही. तिच्याशिवाय साखळी मधेच तुटते.

नकाशावर बोट फिरवणाऱ्यांसाठी दोन खड्डे दाखवतो. एजवेअर रोड नावाची दोन स्थानकं आहेत, एक बेकरलूचं आणि एक सर्कल-डिस्ट्रिक्टचं. नाव एक, पण आतून जोड नाही. हॅमरस्मिथलाही तसंच, मधे रस्ता ओलांडावा लागतो. उलट बँक आणि मॉन्युमेंट ही नावं वेगळी, पण खालून बोगद्यानं एक.

तांबडा_पांढरा

किंग्ज क्रॉसला मेट्रोपॉलिटन सोडून सर्कल, आणि फॅरिंग्डनला सर्कल सोडून हॅमरस्मिथ. नकाशात बघितलं, तिन्ही लाईन एकाच रुळावर चालल्यात की ओ! उतरायचं, त्याच फलाटावर दोन मिनटं उभं राहायचं, मागनं येणारी धरायची. याला बदल म्हणायचं का? काकांनी निवाडा द्यावा.

मिरज_जंक्शन

उतरला, दुसऱ्या लाईनच्या गाडीत चढला. बदल.

टेम्सकाठी

धन्यवाद काका. पण तांबड्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. इथले हौशी लोकही अशा बदलांना हलकं समजतात. खरी मजा बँकला. नॉर्दर्नवरून वॉटर्लू अँड सिटीकडं जाताना जिने, बोगदे, वळणं, आणि समोरून कोटवाल्यांची लाट.

अवांतर: हे सगळं नकाशावर बसून ठरवता येतं याचं श्रेय हॅरी बेक या माणसाला. विजेच्या आराखड्यांचा ड्राफ्ट्समन होता. त्याचा नकाशा १९३३ मध्ये छापला गेला. खरी अंतरं, खरी वळणं सगळी टाकून दिली आणि फक्त आडव्या, उभ्या, तिरक्या रेषा ठेवल्या. कुठली लाईन कुठल्या लाईनला कुठं भेटते एवढंच उरलं. आपल्या खेळाला नेमकं तेवढंच लागतं.

अंधेरी_ईस्ट

मुंबई कशी काय विसरलात? आमच्याकडं लंडनएवढं जाळं नाही, पण एक गंमत आहे.

कफ परेडहून ॲक्वा, म्हणजे लाईन ३. हीच एक खरी भुयारी, २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली. ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाली. मरोळ नाक्याला लाईन १ वर या, वर्सोव्याच्या दिशेनं. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला उतरा, पुलावरून गुंदवली, तिथून लाईन ७. दहिसर पूर्वेला लाईन २ए. ती अंधेरी पश्चिमला सोडते, शेजारी डी. एन. नगर, म्हणजे पुन्हा लाईन १. आणि वर्सोवा.

बघा, लाईन १ दोनदा आली, पण तिच्यावरचं एकही स्थानक दोनदा आलं नाही. मरोळ नाका ते हायवे एक तुकडा, डी. एन. नगर ते वर्सोवा दुसरा. मधलं अंधेरी आणि आझाद नगर वगळून उत्तरेकडून वळसा घातला. मावशींच्या पहिल्या नियमानं तीनच बदल, दुसऱ्या नियमानं चार!

एक सांगतो, चालवणाऱ्या संस्था वेगळ्या आहेत. मरोळला गेटबाहेर पडा, बॅग पुन्हा स्कॅनरमधून घाला, खिशातलं काढा, जिने चढा. जमिनीखालून थेट डोक्यावरच्या पुलावर. सात-आठ वाजता करून बघा, पुन्हा नाव काढणार नाही.

मिरज_जंक्शन

दहिसरला मी उतरलोच नव्हतो. लाईन ७ ची गाडी तीच पुढं २ए वर गेली. तेव्हा माझ्या हिशेबानं चार नव्हे, तीन.

अंधेरी_ईस्ट

काका, उतरून पुढची धरली तर?

मिरज_जंक्शन

मग चार. पण रिकामी बसायची जागा सोडून उतरणारा माणूस मुंबईत मला दाखवा.

कोथरूडमुक्कामी_कोल्हापूरकर

पुण्याची माहिती द्यायला आलो होतो. पर्पल आणि ॲक्वा, दोनच लाईन, भेटतात एकाच ठिकाणी, जिल्हा न्यायालयाला. जास्तीत जास्त एक बदल. भुयारी फलाट सुमारे ३३ मीटर खोल आहे, सरकते जिने संपता संपत नाहीत, तेवढीच काय ती करमणूक. हिंजवडीची लाईन आली की बघू. येतो.

गणिती_मावशी

आता पद्धतीकडं येऊ, रंकाळेकरांचा मूळ प्रश्न तोच होता.

नकाशा बाजूला ठेवा. कोरा कागद घ्या. प्रत्येक लाईन हा एक ठिपका. दोन लाईनना एखादं स्थानक सामाईक असेल तर त्या दोन ठिपक्यांमधे रेघ, आणि रेघेवर त्या स्थानकाचं नाव. लंडनच्या २७२ स्थानकांचे ११ ठिपके झाले. आता सगळ्या ठिपक्यांतून एकेकदा जाणारी वाट शोधायची.

आणि सुरुवात मधून करायची नाही. सगळे जण गजबजलेल्या जंक्शनपासून सुरू करतात आणि फसतात. आधी ज्याला एकच रेघ आहे असा ठिपका शोधायचा. तो पेठेतल्या बंद बोळासारखा असतो, ज्या तोंडानं आत जाल त्याच तोंडानं बाहेर. म्हणजे तो वाटेच्या मधे येऊच शकत नाही. एकतर सुरुवातीला, नाहीतर शेवटाला. असे दोन ठिपके असतील तर वाटेची दोन्ही टोकं तुमच्यासाठी ठरून गेली. तीन असतील तर खेळ खलास, सगळ्या लाईन ओवणं शक्यच नाही.

कोलकाता बघा. देशातली पहिली मेट्रो, २४ ऑक्टोबर १९८४. ब्लू लाईन हा कणा. ग्रीन तिला एस्प्लनेडला मिळते, यलो नोआपाड्याला, आणि ऑरेंजची गाठही ब्लूशीच. सध्या या तिघींची आपापसात भेट नाही. तीन बोळ, एक रस्ता. जोका-माझेरहाटची पर्पल तर कुणालाच भेटत नाही. म्हणून हुगळीखालून जायचा आनंद घ्या, पण बदल दोनाच्या वर जाणार नाहीत: ग्रीन, ब्लू, यलो.

दिल्लीत असा बंद ठिपका कुठला ते भाच्याला शोधू द्या. मी सांगत नाही.

रंकाळ्याचा_वारा

मावशी, त्याला पाच मिनिटांत सापडला. ग्रे! द्वारका ते ढांसा बस स्टँड. ती फक्त ब्लूला भेटते, द्वारकेला. म्हणजे ग्रेपासून सुरुवात, दुसरी ब्लू, हे ठरूनच गेलं.

दिल्लीच्या नऊ लाईन धरल्यात: रेड, यलो, ब्लू, ग्रीन, व्हायोलेट, पिंक, मॅजेंटा, ग्रे आणि एअरपोर्ट एक्स्प्रेस. गुडगावची रॅपिड आणि नोएडाची ॲक्वा सोडल्या. रात्री जेवणं आटपल्यावर आम्ही दोघांनी मिळून काढलेली वाट:

ग्रे, द्वारकेला ब्लू, सेक्टर २१ ला एअरपोर्ट एक्स्प्रेस, नवी दिल्लीला यलो, हौज खासला मॅजेंटा, कालकाजी मंदिरला व्हायोलेट, कश्मीरी गेटला रेड, इंद्रलोकला ग्रीन, पंजाबी बाग वेस्टला पिंक.

नऊ लाईन, आठ बदल! ताई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, एवढा अभ्यासात घातला असतास तर.

साकेतवाली

मी इचलकरंजीची, दिल्लीत नोकरीला. रोज यलो आणि मॅजेंटा करते.

दादा, आठ बदल बरोबर. पण तुमची वाट केंद्रीय सचिवालयावरून दोनदा जाते. नवी दिल्लीहून हौज खासला यलोनं जाताना एकदा, आणि कालकाजीहून कश्मीरी गेटला व्हायोलेटनं जाताना पुन्हा. पहिल्या नियमात बसते, दुसऱ्यात नाही.

लंडनवाल्यांनी दोन्ही पाळलेत, दिल्लीनं का मागं राहायचं? नवी दिल्लीनंतर दक्षिणेला न जाता उत्तरेला वळा:

ग्रे → ब्लू (द्वारका) → एअरपोर्ट (सेक्टर २१) → यलो (नवी दिल्ली) → रेड (कश्मीरी गेट) → ग्रीन (इंद्रलोक) → पिंक (पंजाबी बाग वेस्ट) → व्हायोलेट (लाजपत नगर) → मॅजेंटा (कालकाजी मंदिर).

आठच बदल, एकही स्थानक दोनदा नाही.

तांबडा_पांढरा

ताई, जगात भारी! लंडनवाले, आता बोला.

टेम्सकाठी

बोलतो की. आमचे दहा, तुमचे आठ.

साकेतवाली

दादा, लाईन आमच्याकडं दोन कमी आहेत त्याला मी काय करू? पण मावशींचा दुसरा नियम एकटाच घेतला, लाईन परत चालते असं धरलं, तर आम्ही तुमच्या दहाच्या पुढं जातो. पिंक लाईन शहराला कडेनं वळसा घालते आणि वाटेत जवळजवळ प्रत्येकीला छेदते, ती हवी तेवढ्या वेळा सापडते. मेट्रोत बसूनच काढलं:

पहिले चार बदल तसेच. रेडनं इंद्रलोक ओलांडून नेताजी सुभाष प्लेसला पिंक (५). पंजाबी बाग वेस्टला ग्रीन (६). कीर्ती नगरला ब्लू (७). राजौरी गार्डनला पिंक (८). आयएनएला यलो (९). हौज खासला मॅजेंटा (१०). कालकाजीला व्हायोलेट (११). लाजपत नगरला पिंक (१२). मयूर विहार फेज १ ला ब्लू (१३). कडकडडूमाला पिंक (१४). वेलकमला रेड (१५), आणि शाहदऱ्याला बाहेर.

पंधरा. कडकडडूमाला जाताना यमुना बँकला गाडी बदलावी लागते, ब्लूचाच दुसरा फाटा म्हणून. तो मी मोजलेला नाही.

मिरज_जंक्शन

बरोबर केलंस पोरी. लाईन तीच, तर बदल नाही. उतरणं आणि लाईन वेगळी असणं, दोन्ही पाहिजे.

गणिती_मावशी

एकेक स्थानक पडताळलं. बरोबर आहे. ही वाट सर्वांत मोठी आहे असं मात्र मी लगेच म्हणणार नाही. मंडी हाऊस, राजीव चौक ही मधली जंक्शनं अजून रिकामी पडलीत.

लक्ष्मीपुरी_व्यापारी

एवढं करून मिळणार काय? त्याच पैशात मथुरा होते.

तांबडा_पांढरा

मालक, रंकाळ्याला रोज तीच प्रदक्षिणा घालता, तिथं काय मिळतं?

रंकाळ्याचा_वारा

थांबा थांबा. मावशींनी मंडी हाऊस म्हटलं आणि इकडं दाणे परत पसरले गेले. आता मधल्या स्थानकांवरपण ठेवतो, त्यामुळं जमिनीवर चालायला जागा नाही. त्याचं म्हणणं:

नवी दिल्लीला यलोत बसल्यावर सरळ कश्मीरी गेटला कशाला जायचं? उलट्या दिशेनं एकच स्थानक, राजीव चौक. तिथं ब्लू. बाराखंबा रोड सोडून मंडी हाऊस. तिथं व्हायोलेट, ती आयटीओ, दिल्ली गेट, जामा मशीद, लाल किल्ला करत कश्मीरी गेटलाच आणते. तिथं रेड. पुढं ताईंची वाट जशीच्या तशी. यलोचा एक बदल होता तिथं तीन झाले.

सतरा!

आणि वर म्हणतो, मामा, लाल किल्ला पण झाला की. खालून.

साकेतवाली

सतरा मान्य. शाब्बास रे! राजीव चौकातून मी रोज जाते, मला सुचलं नाही.

आता दादा, प्रत्यक्षात. सतरा बदलांची वाट लहान मुलाला आणि ताईंना घेऊन एका दमात करू नका. आत शिरल्यावर ठरावीक वेळेत बाहेर पडावं लागतं, वेळ उलटली की बाहेरच्या गेटला जादा पैसे. ही वाट त्या वेळेत बसणार नाही. आठ बदलांची करा, तीही दोन तुकड्यांत. भाड्याचं म्हणाल तर गंमत आहे. शिरलेलं आणि बाहेर पडलेलं स्थानक बघून जवळच्या वाटेचं भाडं लागतं, तुम्ही किती वेडीवाकडी फिरलात ते मशीन विचारत नाही. एअरपोर्ट एक्स्प्रेसचं भाडं तेवढं वेगळं.

आणि वाट उलटी करा. ढांसा नजफगडच्या पलीकडं, पार पश्चिमेला आहे. सकाळी तिथं पोचण्यातच जीव जाईल. उलट केली तरी बदल तेवढेच. माझ्याकडं नाश्ता करा, चिराग दिल्लीला मॅजेंटात बसा, कालकाजी, लाजपत नगर, पंजाबी बाग वेस्ट, इंद्रलोक, कश्मीरी गेट करत नवी दिल्ली. तिथं बाहेर पडा, वर जाऊन पोटपूजा करा. मग एअरपोर्ट एक्स्प्रेस. यलोच्या फलाटापासून तिथवर बरंच चालायचं आहे, सामान घेऊ नका. सेक्टर २१, द्वारका, आणि ग्रेनं एकच स्थानक, नंगलीपर्यंत. ग्रेत बसलात की नऊ पुरे, ढांसापर्यंत जायची गरज नाही.

सकाळी नऊ ते अकरा टाळा. कश्मीरी गेटला त्या वेळी मूल हाताला धरून ठेवणं कठीण. पहिला डबा बायकांचा असतो, ताई तिकडं बसल्या तर उतरायचं स्थानक आधी ठरवून ठेवा.

रंकाळ्याचा_वारा

ताई, सगळं लिहून घेतलं. उलट्या वाटेचं ऐकून भाचा थोडा हिरमुसला, त्याला ढांसाची पाटी बघायची होती. मग म्हटलं, ग्रेत बसल्यावर शेवटपर्यंत जाऊ, परत येऊ, नाहीतरी खेळ तोवर संपलेला असेल. चालेल म्हणाला.

साताऱ्याचे कंदी पेढे आणतोय, कोल्हापूरचं काय हवं ते सांगा.

साकेतवाली

भडंग. आणि कांदा-लसूण चटणी, इथं मिळते ती खाववत नाही.

टेम्सकाठी

एक विचारतो. तुघलकाबाद ते एरोसिटी गोल्डन लाईनचं काम चालू आहे ना? ती आली की दहा लाईन. तेव्हा पहिल्या नियमानं नऊ बदल जमतील?

रंकाळ्याचा_वारा

भाच्यानं स्वतः टाईप केलंय, जसंच्या तसं देतोय:

"ग्रे, ब्लू, एअरपोर्ट, एरोसिटीला गोल्डन, तुघलकाबादला व्हायोलेट, कालकाजीला मॅजेंटा, हौज खासला यलो, कश्मीरी गेटला रेड, इंद्रलोकला ग्रीन, पंजाबी बाग वेस्टला पिंक. नऊ बदल. स्टेशन पण रिपीट नाही. लंडन फक्त एकनं पुढं."

गणिती_मावशी

तपासलं. बरोबर आहे.